गोव्याच्या आरोग्य केंद्रांत घडलेली समुपदेशन-पुस्तिका: चार महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातील ‘संगत’ या संस्थेची ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ ही पुस्तिका इंटरनेटवर विनामूल्य मिळते. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून तीव्र नैराश्याच्या रुग्णाशी सहा ते आठ भेटींत कसे काम करावे, हे ती शिकवते. कुडाळ परिसरातील आमच्या पाच जणांच्या स्वयंसेवी गटाने गेल्या पावसाळ्यात ती चार महिने वाचली आणि तिच्यातील भेटींचा सराव एकमेकांवरच केला, कारण देखरेखीशिवाय खऱ्या रुग्णासमोर बसण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. पुढील अभिप्राय त्या सरावावर आधारलेला आहे. उपचाराच्या परिणामाविषयी बोलताना मात्र मी प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचाच आधार घेतला आहे.

या पुस्तिकेमागे बराच मोठा प्रवास आहे. 1996 साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात ‘संगत’ची स्थापना केली. त्याआधी पटेल यांनी झिंबाब्वेमध्ये काम केले होते आणि तिथल्या शोना भाषेत मनाच्या दुखण्याला ‘फार विचार करणे’ अशा अर्थाचा शब्द वापरतात, याकडे त्यांचे लक्ष गेले होते. भारतात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा पुरता वाट्याला येत नाही. तेव्हा गावात जी माणसे उपलब्ध आहेत त्यांनाच हे काम शिकवता येईल का, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. ‘मानस’ या प्रकल्पात तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. गोव्यातील 24 दवाखाने, निम्मे सरकारी आणि निम्मे खासगी, आणि 2,796 रुग्ण असा त्याचा विस्तार होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2010 साली आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी 65.9 टक्के सहा महिन्यांत बरे झाले. जिथे असे शिकवलेले समुपदेशक नव्हते तिथे हे प्रमाण 42.5 टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. माझ्या मते त्यात फारसे नवल नाही, कारण घरचा म्हणावा असा डॉक्टर नाडी पाहता पाहता सासूबाईंचीही चौकशी करतो, आणि समुपदेशकाच्या कामाचा काही वाटा तो नकळत उचलतच असतो.

‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ हे त्यानंतरचे पाऊल. डॉ. नीरजा चौधरी, अर्पिता आनंद, अमेरिकेतील सोना डिमिजियन आणि पटेल यांनी त्याची बांधणी केली, आणि 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतील 495 रुग्णांवर त्याची चाचणी झाली. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती, तर न मिळालेल्यांमध्ये 39 टक्क्यांची. हे निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

पुस्तिकेचा गाभा साधा आहे. उदास माणूस हळूहळू कामे सोडतो, माणसे टाळतो, आणि जितके सोडतो तितका अधिक उदास होतो; म्हणून उत्साह परत येण्याची वाट न पाहता एखाद्या लहानशा कृतीपासून सुरुवात करायची. रुग्णाने आठवड्यात काय केले आणि तेव्हा मनाला कसे वाटले याची नोंद ठेवायची, पुढच्या आठवड्यासाठी एखाद-दुसरे काम वेळेसह ठरवायचे, अडचण आली तर ती सोडवण्याच्या पायऱ्या बघायच्या, आणि घरातील जवळच्या माणसाला सोबत घ्यायचे. प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची असते आणि ती रुग्णाच्या घरीही होऊ शकते. गोव्यातील या कामात ‘डिप्रेशन’ या शब्दाचा आग्रह न धरता ‘टेन्शन’सारख्या लोकांच्या तोंडच्या शब्दांनी बोलणे सुरू होते, ही गोष्ट मला विशेष समंजस वाटली. आमच्याकडेही कोणी ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ‘कशात मन लागणा नाय’ म्हणतात, किंवा नुसतीच कंबर दुखते असे सांगतात.

तरीही मी या साहित्याला जे गुण देते ते मुख्यतः त्यातील देखरेखीच्या पद्धतीसाठी. चाचणीच्या काळात हे उपचार 11 समुपदेशकांनी दिले. त्यांच्यापैकी कोणाकडेही मानसिक आरोग्याचे व्यावसायिक शिक्षण नव्हते. किमान दहावीपर्यंतचे शिक्षण, स्थानिक भाषा आणि लोकांशी बोलण्याची हातोटी एवढीच अपेक्षा होती. तीन आठवड्यांची कार्यशाळा आणि त्यानंतर प्रत्यक्ष रुग्णांसोबतची उमेदवारी पार पाडल्यावरच त्यांची निवड झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे समुपदेशक आठवड्यातून एकदा एकत्र बसत, भेटींची ध्वनिमुद्रणे ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर परस्परांना गुण देत. अशा सहकाऱ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी कितपत जुळतात हेही तपासले गेले, आणि ते समाधानकारक जुळले. म्हणजे ज्यांना आपण शिकाऊ समजतो तीच माणसे आपल्या कामाची विश्वासार्ह परीक्षक ठरली.

आम्ही हा प्रकार मोबाइलवर आवाज मुद्रित करून केला, आणि माझ्या पहिल्याच मुद्रणात मी समोरच्या बाईंना बारा मिनिटांत नऊ वेळा मध्येच तोडले असल्याचे आमच्या गटातील सर्वांत तरुण मुलाने बोटांवर मोजून दाखवले. सव्वीस वर्षे वर्गात शिकवून निवृत्त झाल्यावर हे ऐकून घेणे सोपे नव्हते. तिसऱ्या महिन्यात तो आकडा दोनवर आला. मॅडमना कोण बोलणार, हा संकोच मोडण्याचे काम त्या गुणपत्रिकेने केले, कारण टीका माणसाच्या तोंडून न येता कागदावरील प्रश्नातून येत होती.

आता उणिवा. आम्ही वापरलेली प्रत इंग्रजी होती आणि तिची भाषा सोपी असली तरी संवादांचे नमुने मराठीत आणताना ठेच लागते. ‘तुम्हांला आनंद देणारी एखादी गोष्ट सांगा’ हा प्रश्न आमच्या सरावातील एका काकींना इतका परका वाटला की त्या हसू लागल्या; ‘आधी काय करायला आवडायचे, जे हल्ली बंद झाले?’ असे विचारल्यावर मात्र त्या ओवाळणीच्या वाती आणि भजनी मंडळाविषयी वीस मिनिटे बोलत राहिल्या. दुसरे असे की, नवरा मारतो किंवा सावकार दारात बसला आहे अशा वेळी दिनक्रम आखून देणे अपुरे पडते. पुस्तिकेतील समस्या सोडवण्याचा भाग इथे थोडी मदत करतो, परंतु रेशनकार्ड, पेन्शन, पोलीस ठाणे या वाटा ज्याने त्याने आपल्या तालुक्यापुरत्या शोधून जोडून घ्याव्या लागतात. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात सुरू केलेल्या ‘आत्मीयता’ उपक्रमात गावातील स्वयंसेवकच लोकांना सरकारी योजनांपर्यंत पोहोचवतात; त्या अनुभवाची या पुस्तिकेला जोड मिळाली तर ती आमच्या भागात अधिक उपयोगी पडेल.

तिसरी उणीव पुस्तिकेपेक्षा संशोधन लिहिण्याच्या एकंदर रीतीची आहे. निबंधाच्या माथ्यावर लेखकांची नावे येतात, आणि पावसात मोटारसायकल किंवा बस पकडून रुग्णाच्या घरी जाणारी माणसे मजकुरात 11 या आकड्याने येतात. लेखकांचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. तथापि, या उपचाराचा कस ज्यांच्या आवाजात लागला त्यांच्यातील दोघा-तिघांनी, त्यांची इच्छा असल्यास, आपल्या पहिल्या फसलेल्या भेटीविषयी चार पाने लिहिली असती तर नवशिक्याला ती कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक कामाला आली असती.

पुस्तिका घेऊ इच्छिणाऱ्यांना दोन व्यावहारिक सूचना. तिच्यासोबत समुपदेशकाच्या रुग्णाशी असलेल्या नात्यावरची जी वेगळी पुस्तिका आहे, ती आधी वाचावी. आम्ही ती नंतर वाचली आणि एक महिना वाया घालवला. आणि आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या व्यक्तीसंबंधीचा भाग एकट्याने वाचून थांबू नये. अशा वेळी जवळच्या कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा, रात्री वाहन कोणाचे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक कुठे लिहून ठेवायचा, हे पहिल्या सरावाच्या आधीच ठरलेले असावे. आमच्या प्रतीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला ही तीनही उत्तरे पेनाने लिहिलेली आहेत, आणि गाडीवाल्याचा नंबर बदलल्यामुळे एकदा खोडून पुन्हा लिहिलेला आहे.