सिटाडेल कॉन्ट्रास्ट: सांगाड्यांसाठी डोळे झाकून घ्या, ढालींसाठी नको

मी हमरापूरच्या गणपती कारखान्यात लहानाचा मोठा झालो. कारखाना आत्याचा. मूर्तीचं अंग रंगवायला चार माणसं असायची, पण डोळ्यांची आखणी करणार ती एकटी आत्या. त्यामुळे ‘एकच हात द्या, सावली आपोआप पडेल’ असा रंग मिळतो हे ऐकून मला आधी हसूच आलं. खेळातल्या छोट्या मूर्तींसाठीचा हा कॉन्ट्रास्ट रंग नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने आपल्या सिटाडेल या नावाखाली २०१९ मध्ये बाजारात आणला. मी घेतला तो यंदा. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या कथा-खेळाच्या आमच्या डावाला शत्रू म्हणून दहा छोटे सांगाडे हवे होते आणि हातात एकच आठवडा होता.

सांगाडे रेझिनचे, मित्राने प्रिंटरवर काढून दिलेले, उंचीला सव्वा इंच. रंग घेतले तीन: हाडांना स्केलेटन होर्ड, चामड्याला स्नेकबाइट लेदर, कापडाला ब्लड एंजल्स रेड. डबी १८ मिलिलिटरची. आयात माल, कुरियरचा खर्च वेगळा, त्यामुळे अख्खी रेंज मागवायच्या भानगडीत पडू नका. पहिल्या खेपेला तीन डब्या पुरतात.

हा रंग नेहमीच्या ॲक्रिलिकसारखा खालचं झाकत नाही. उंचवट्यावरून घरंगळतो आणि खाचेत जाऊन बसतो. खाचेत गडद दिसतो, उंचवट्यावर खालचा प्रायमर, म्हणजे रंगाआधी दिलेला अस्तराचा थर, डोकावतो. बरगड्यांवर हे काय खुलतं ते प्रत्यक्षच बघायला हवं. दहाही सांगाड्यांची हाडं पाऊण तासात झाली. हेच मी जुन्या पद्धतीने, म्हणजे आधी बेसचा सपाट रंग, मग खाचांत उतरणारा पातळ वॉश, मग उंचवट्यांवर कोरड्या ब्रशने फिकट रंग असं केलं असतं, तर दोन रात्री गेल्या असत्या.

प्रायमर मात्र फिकटच लागतो. कंपनीचे रेथबोन आणि ग्रे सीअर हे स्प्रे याचसाठी आहेत. मी काटकसर करून हार्डवेअरच्या दुकानातला पांढरा मॅट स्प्रे आणला आणि जुलै महिन्यात, दोन सरींच्या मधे, गच्चीवर मारला. हवेत एवढा दमटपणा असताना कोणताही स्प्रे मारू नये हे मला कारखान्यातच कळायला हवं होतं. चार सांगाड्यांच्या अंगावर रव्यासारखी खर आली. ते चौघं आता ‘फार वर्षं पुरलेले’ म्हणून खपवतोय.

टोळीच्या नायकाला मी फेटा बांधला. शिरस्त्राण कापून काढलं, एम-सील मळलं, त्याच्या शेवयांसारख्या वळ्या करून कवटीभोवती गुंडाळल्या आणि ओल्या बोटाने दाबून बसवल्या. एम-सील लवकर धरतं, तेव्हा फोन उचलायचा नाही. मग प्रायमर, त्यावर लाल कॉन्ट्रास्ट. प्रत्येक घडीत रंग असा उतरला की फेटा खरंच कापडाचा वाटावा. या एका फेट्यात माझे पैसे वसूल झाले.

आता ढाली. सपाट जागेवर खाचच नाही, तर रंगाने जायचं कुठे? तो मधेच साचतो आणि वाळल्यावर बशीत चहाच्या कपाचा उमटतो तसा कडेला डाग राहतो. त्यात मी अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवला, म्हणजे होतं तेही गेलं. ढाली शेवटी साध्या ॲक्रिलिकनेच केल्या. हा काही रंगाचा दोष नव्हे, त्याचा स्वभावच तो. झगे, केस, लोकर, लाकूड, हाडं यांना तो द्यावा. गुळगुळीत चिलखताला देऊ नये. पातळ करायला पाणी वापरू नका, त्याचं वेगळं मीडियम, म्हणजे बिनरंगी पातळ द्रावण, मिळतं. पाण्याने तो फाटतो. आणि मूर्ती रोज हाताळणार असाल तर वरून मॅट वॉर्निश हवंच, नाहीतर कडांवरचा रंग बोटांनी निघून येतो.

पाचपैकी चार. एक गुण ढालींचा कापला.

गेल्या रविवारी हमरापूरला गेलो तेव्हा नायक खिशात होता. हंगाम ऐन भरात, मूर्तींमधून वाट काढत आत्यापर्यंत पोचलो. तिने नायकाला उजेडात धरला, फेटा बघितला, मान हलवली.

“अरे, याचे डोळे कुठायत?”

“आत्या, सांगाडा आहे तो.”

“मग बघणार कुठून?”

तिने आखणीचा ब्रश जिभेवर टोकदार केला आणि दोन्ही खोबणींत पांढरा ठिपका ठेवला. श्वास रोखलेला, चष्मा कपाळावर. नायक माझ्याकडे बघायला लागला. उरलेल्या नऊ जणांचं काय, विचारलं, तर म्हणाली, “गौरी-गणपती होऊ देत, मग आण.”