बांधीव फायली की सुटे गठ्ठे? जुनं स्थानिक साप्ताहिक स्कॅनिंगसाठी निवडताना

पैसे एकाच साप्ताहिकाच्या स्कॅनिंगला पुरतील एवढे आणि कपाटात साप्ताहिकं दोन, अशी वेळ सातारा जिल्ह्यातल्या आमच्या वाचनालयावर दोन वर्षांपूर्वी आली. निवड करणाऱ्या तिघांत मी होतो. त्यानंतर आणखी दोन-तीन वाचनालयांतल्या मंडळींनी हाच प्रश्न विचारला, म्हणून आमच्यापुढे काय काय होतं आणि आम्ही कुठे येऊन थांबलो ते सविस्तर लिहितो. स्कॅन किती डीपीआयचा, मूळ प्रत टिफमध्ये ठेवायची की जेपेगमध्ये, हे या कामात उतरलेल्यांना ठाऊक असतं. ते सोडून देतो.

आधी मोठ्या नावांचं. पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "आपल्याकडे 'केसरी'चे अंक आहेत, ते करू या." आमच्याकडेही 'केसरी' आणि थोडे 'ज्ञानप्रकाश' होते. त्यामागची भावना मला समजते, पण ते आम्ही लगेच बाजूला ठेवले. १८३२ चं 'दर्पण', १८४९ चं 'ज्ञानप्रकाश', १८८१ चं 'केसरी' यांच्याकडे अभ्यासकांचं लक्ष आहे. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' तर महाराष्ट्र शासनानेच पुन्हा छापून काढले. तालुक्याच्या साप्ताहिकाला असा वाली नसतो. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून चालवला. सत्यशोधक चळवळ गावोगाव कशी पोचली हे पाहायचं तर असाच कागद हाताशी लागतो. त्यामुळे आमची पहिली चाळणी एकच होती: आपल्याकडची प्रत गेली तर दुसरीकडे मिळेल का? आमच्या दोन्ही साप्ताहिकांना उत्तर "बहुधा नाही" असं आलं. म्हणजे खरी निवड तिथून पुढे होती.

पहिलं साप्ताहिक १८८९ ते १९११ या काळातलं. सगळ्या वर्षांच्या फायली बांधलेल्या, एकही वर्ष गहाळ नाही, कापडी पाठीवर सोनेरी आकड्यांत साल. दुसरं १९३६ ते १९६५ मधलं. संपादकांच्या घरच्यांनी माळ्यावरून काढून दिलेल्या दोन पत्र्याच्या ट्रंका. आत सुतळीने बांधलेले गठ्ठे, अंक मधोमध आडवी घडी घातलेले, वर धुळीचा थर, कडांना कसर लागलेली. काही गठ्ठ्यांवर साल लिहिलेलं, बऱ्याचवर काहीच नाही.

दोन्ही शेजारी ठेवली तर हात पहिल्याकडेच जातो. माझाही गेला होता, आणि त्याला कारणं होती. १८९६-९७ चा दुष्काळ, लगेच आलेला प्लेग, १८९९-१९०० चा त्याहून मोठा दुष्काळ, हे सगळं आमच्या गावाच्या पेठेतून लिहिलेलं त्यात आहे. कागदही तुलनेने बरा. पिवळा पडलाय, पण पानाचा कोपरा वाकवला तर वाकतो. ट्रंकेतल्या अंकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लाने पोखरलेला. युद्धाच्या वर्षांतल्या अंकांना नुसतं बोट लागलं तरी कपचा निघतो. शिवाय पहिल्यावर हक्काचा प्रश्न उरलेला नाही. दुसऱ्याचं तसं नाही: आपल्या कायद्याप्रमाणे निनावी मजकुराला प्रकाशनानंतर ६० वर्षं आणि नाव घालून लिहिलेल्याला लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं संरक्षण असतं. बातम्या, नोटिसा, बाजारभाव निनावी असल्याने तिथे अडचण येत नाही. नावानिशी आलेल्या कविता आणि लेखांसाठी मात्र आम्ही संपादकांच्या घरच्यांकडून लेखी संमती घेतली, आणि जिथे लेखकाचे वारस सापडले नाहीत ती पानं स्कॅन करून फक्त वाचनालयातल्या संगणकावर ठेवली.

इतकं सगळं पहिल्याच्या बाजूने असताना ते मागे का पडलं, हे सांगायला मला प्लेगच्या वर्षाच्या फायलीपाशी यावं लागेल.

गावाबाहेर झोपड्या घालून लोकांना कुठे हलवलं होतं ते शोधायला मी ती फाइल घेऊन बसलो. डाव्या पानावर शेवटच्या रकान्यात स्थानिक बातम्या होत्या. पहिली ओळ वाचली, शेवटची दोन-तीन अक्षरं दिसेनात. पान थोडं दाबलं, आणखी एक अक्षर दिसलं, बाकीची पाठीच्या कापडाकडे वळून अंधारात गेलेली. पुढची ओळ तशीच. तिच्यापुढचीही. उजव्या पानावर उलटं, तिथे पहिल्या रकान्यातल्या ओळींची सुरुवातच गायब. बाजारभावाच्या तक्त्यात गुळाचे रुपये दिसत होते आणि आणे शिवणीत गेले होते. ज्या बातमीसाठी बसलो होतो तिच्यात "वस्ती" हा शब्द दिसला आणि वस्तीचं नाव दिसलं नाही.

हे कशामुळे होतं ते कळायला मला एका जुन्या बाइंडरकडे जावं लागलं. चार पानी साप्ताहिक म्हणजे मधोमध दुमडलेला एकच ताव. घडीतून दोरा घेऊन जुजबांधणी केली तर फाइल बऱ्यापैकी सपाट उघडते आणि आतला रकाना वाचतो. आमच्या फायली नंतर कधीतरी पुन्हा बांधल्या गेल्या होत्या. त्या वेळी घडीची कड कापून पानं सुटी केली, गठ्ठा करून बाजूने टोचून शिवला आणि वर खळ लावून पाठ चढवली. बाहेरून हे काम सुबक दिसतं. टोचलेली भोकं मात्र थेट अक्षरांतून गेली आहेत. "शिवण उसवून द्या" म्हटल्यावर बाइंडरने एक पान उचलून मला उजेडासमोर धरून दाखवलं. भोकांची ओळ टपाल तिकिटाच्या कडेसारखी दिसत होती. दोरा काढला की पान त्याच रेषेवर फाटणार, आणि खळीने चिकटलेली पट्टी वेगळी करायला भिजवावं लागणार. त्याने काम घ्यायला नकार दिला, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

आम्ही काच ठेवून दाबून पाहिलं. पाठीतून करकर आवाज आला तसं थांबलो. वरून तिरक्या कोनातून फोटो काढले. अक्षरं आली, पण शिवणीकडे झुकलेली, एकमेकांत शिरलेली. माणसाच्या डोळ्याला त्यातली निम्मी लागतील, ओसीआरला, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून शोधता येणारा मजकूर बनवणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामला, काहीच नाही. पट्टी घेऊन किती गेलं ते मोजलेलं नाही, तेव्हा आकडा देत नाही. एवढंच सांगतो की त्या संध्याकाळी चाळलेल्यांपैकी एकही पान मला पूर्ण वाचता आलं नाही.

ट्रंकेतल्या सुट्या अंकांनाही हानी झालीच आहे. मधल्या आडव्या घडीवर कागद झिजलाय, काही अंक तिथून दोन तुकड्यांत आहेत. पण ही घडी रकान्याला आडवी जाते. तिच्यापायी प्रत्येक रकान्यातली एक ओळ जाते, फार तर दोन, आणि वरचा-खालचा मजकूर अखंड राहतो. शिवण मात्र रकान्याला उभी खाते, वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीचा तुकडा नेते. एक ओळ गेलेली बातमी वाचता येते. प्रत्येक ओळीतून दोन शब्द गेलेली बातमी वाचल्यासारखी वाटते आणि नेमकं नाव, नेमका आकडा तिथे नसतो. माझं मन इथेच वळलं.

सुट्या अंकांसाठी कष्ट जास्त पडतात, हे कबूल करायला हवं. मऊ ब्रशने एकेक अंक झाडायचा, टिपकागदांत घालून वजनाखाली दोन-तीन दिवस ठेवायचा, तुकडे जुळवून पारदर्शक पाकिटात घालूनच स्कॅनरखाली न्यायचा. चिकटपट्टी अजिबात लावायची नाही. जुन्या चिकटपट्ट्यांचे तपकिरी डाग आम्हाला काही अंकांवर मिळालेच. पहिले दोन महिने स्कॅनर बंदच होता, फक्त झाडणं आणि लावणं चाललं होतं.

आणि गहाळ अंक. बांधीव फायलीत सलगता दिसते, गठ्ठ्यांत खिंडारं दिसतात, म्हणून समितीतले एक ज्येष्ठ सदस्य शेवटपर्यंत साशंक होते. त्यांची शंका रास्त होती. त्यावर उपयोगी पडलं ते मथळ्याखालचं "वर्ष ७ वें, अंक २६ वा" हे छोटं ओझरतं वाक्य. १९४२ मध्ये एका ठिकाणी पाच आठवड्यांची फट आहे; पण फटीच्या अलीकडे अंक २६ आणि पलीकडे अंक २७. म्हणजे त्या आठवड्यांत अंक निघालाच नव्हता, आणि चले जावच्या दिवसांत आमच्या भागात छापखाना बंद राहिला ही स्वतःच एक नोंद झाली. जिथे क्रमांकही उडी मारतो तिथेच खरा अंक हरवलेला. अशी यादी आधी करा असं मी दोन्ही प्रकारांसाठी सुचवेन. आमची यादी जुन्या वर्गणीदारांच्या घरी फिरवल्यावर काही अंक परत मिळाले, आणि सुट्या गठ्ठ्यात ते सहज जागेवर बसले.

मजकुराचं वजन करायचं तर मी सावध राहीन, कारण प्लेग मोठा की कूळकायदा मोठा हे ठरवणारा मी कोण? तरी ट्रंकेत प्रतिसरकारचा काळ आहे, १९४८ ची जाळपोळ आहे, कूळकायदा आणि कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली तो १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आहे, आणि कोयना आहे. धरणासाठी गावं उठली, माणसं वेगवेगळ्या जिल्ह्यांत विखुरली, मूळ गाव पाण्याखाली गेलं. अशा एका गावच्या कुटुंबातली एक बाई आजोबांच्या जमिनीचा माग काढत वाचनालयात आली होती. भूसंपादनाच्या नोटिशीत तिला गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर सापडला. नोटीस आतल्या रकान्यात होती. ती फाइल पहिल्यासारखी शिवलेली असती तर तो नंबर दोऱ्याखाली गेला असता.

शोधाच्या सोयीतही नवं पुढे आहे, थोडंच. १८९० च्या आसपासचे छपाईचे झिजलेले खिळे आणि फुटलेल्या मात्रा ओसीआरला फार चकवतात. पण १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचा मजकूर दोन्हीकडे आहे, तेव्हा "गाव" शोधताना "गांव", "काही" शोधताना "कांहीं" असं दोन्ही टाकावं लागतंच. तीस-चाळीसच्या दशकांतल्या काही मजकुरात तर सावरकरांच्या लिपिसुधारणेप्रमाणे "इ" च्या जागी "अि" आहे; "इनाम" शोधून काही मिळत नाही, "अिनाम" लिहिलं की मिळतं. अशा पर्यायांची यादी आम्ही शोधखिडकीशेजारी लावून ठेवली आहे.

मायक्रोफिल्म (पानांचे बारीक फोटो घेतलेली फिल्म) असलेल्यांसाठी एक गोष्ट. तुमच्या साप्ताहिकाची फिल्म आधीच झालेली असेल तर खर्च खूप वाचतो, जरूर वापरा. फक्त ती कशावरून काढली ते बघा. बांधीव फायलीवरून काढली असेल तर शिवणीने खाल्लेला रकाना फिल्मवरही खाल्लेलाच असतो, आणि तेव्हा मूळ कागद रद्दीत गेला असेल तर परतीचा रस्ता नाही.

दुसरा मुद्दा सालांचा. वृत्तपत्रांची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवण्याचा नियम १९५४ च्या कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने आला. म्हणजे त्याआधीच्या अंकांची प्रत तिथे असण्याची शक्यता कमी. त्यामुळे सुट्या गठ्ठ्यांतही आम्ही १९३६ ते १९५५ चे अंक आधी घेतले, नंतरचे मागून. पैसे मधेच संपले तर निदान ती वर्षं हातात राहावीत, हा विचार.

तुमच्याकडची बांधीव फाइल जुजबांधणीची असेल, टेबलावर सपाट उघडत असेल, तर माझा सगळा युक्तिवाद बाजूला ठेवा आणि खुशाल तीच घ्या. तिचा कागद जास्त टिकाऊ आणि तिची वर्षं जास्त दुर्मिळ. मात्र पहिलं पान उघडून समाधान मानू नका, तिथे पाठ नेहमीच सैल असते. फाइलच्या बरोबर मध्यावर उघडा आणि शिवणीलगतचा रकाना वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचा. अडखळलात तर मी सुट्या गठ्ठ्यांकडे वळेन, ते कितीही कळकट दिसले तरी.

आमच्या बांधीव फायली आता आडव्या ठेवल्या आहेत, उभ्या नाहीत, म्हणजे पाठीवर ताण येणार नाही. कोणत्या तारखेचा कोणता रकाना वाचता येत नाही याची यादी प्रत्येकीत ठेवायला सुरुवात केली आहे. १८९७ आणि १८९८ झाली. सातारा, वाई, कऱ्हाड भागात कुणाच्या माळ्यावर १८८९ ते १९११ मधल्या साप्ताहिकांचे सुटे अंक असतील, फाटके असले तरी, तर कृपा करून ते शिवायला देऊ नका. आहेत तसे, घडीसकट, जवळच्या वाचनालयात आणून द्या.