आर्देश की मों लोझेर?

फ्रान्समध्ये ग्रॅव्हल सायकल (कच्च्या, खडीच्या वाटांवरची) चालवायला एक आठवडा आहे, आर्देश जिल्ह्यातली डोल्चे व्हिया ही सायकलवाट करू की सेव्हेनच्या डोंगरांतला मों लोझेर, असं एका मैत्रिणीने विचारलं. पर्यटनवाल्यांच्या पत्रकांत दोन्ही ‘सर्वांसाठी’ असतात. ते सोडून द्या.

चढ पाहिला तर डोल्चे व्हिया म्हणजे 1968 मध्ये बंद पडलेल्या छोट्या रेल्वेलाइनवरची वाट. रोनकाठच्या ला व्हूल्तपासून एरिये नदीच्या खोऱ्यातून ती सेंताग्रेव्हपर्यंत, साधारण हजार मीटर उंचीवर जाते. पण इंजिनाला झेपेल एवढाच चढ, त्यामुळे दम लागत नाही, फक्त संपता संपत नाही. मों लोझेरला फिनिएल शिखर 1699 मीटर. ल पों-द-मोंव्हेरहून वर निघालात की ग्रॅनाइटचे गोटे, मेंढ्यांच्या जुन्या वाटा आणि अधूनमधून उतरून ढकलणं. माथ्यावर झाड नाही, वारा मात्र भरपूर.

टायर? पहिल्याला 38 मिमी पुरे, दुसऱ्याला 45च्या खाली नको.

पाणी, जेवण, मुक्काम यांत आर्देश सरळ जिंकतं, गावं जवळजवळ आहेत. पोचायलाही सोपं: व्हालांसला ट्रेनमधून उतरा आणि व्हिया रोना या रोनकाठच्या सायकलमार्गाने ला व्हूल्त गाठा. लोझेरला शरद ऋतूत जाऊच नका. सेव्हेनचा तेव्हाचा पाऊस आपल्या कोकणातल्या माणसालाही गप्प करेल.

सामान लादून, मुलांसोबत किंवा पहिल्यांदाच जाणाऱ्याने आर्देश घ्यावं. ताम्हिणी, वरंधा हसत चढणाऱ्याला तिथे कंटाळा येईल. त्याने जूनमध्ये लोझेर गाठावा.