माघी पौर्णिमेची भरती आणि आमचे 64,000 रुपये

रविवार, 1 फेब्रुवारी 2026 रोजी पहाटे साडेपाच वाजता ठाण्यातील आमच्या सोसायटीच्या फाटकाशी 32 माणसे टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचे डबे घेऊन उभी होती, आणि ज्या बसची आम्ही वाट पाहत होतो ती मुळात कोणी ठरवलेलीच नव्हती. अलिबाग, चौल, रेवदंडा आणि मुरुड-जंजिरा अशी ती एका दिवसाची सहल होती. माणशी 1,650 प्रमाणे 52,800 रुपये सहल नेतो म्हणणाऱ्या एका गृहस्थाला जानेवारीतच दिले होते. आदल्या रात्री बोटीचे तिकीट आणि किल्ल्यांचे प्रवेशशुल्क म्हणून माणशी 350, म्हणजे आणखी 11,200 रुपये गेले. जंजिऱ्याला जाण्यासाठी राजपुरीच्या जेट्टीवर उभे राहूनच तिकीट काढतात, हे मला माहीत होते. तरीही मी पैसे पाठवले. एकूण 64,000 रुपये, तेही सगळे माझ्या खात्यातून, कारण वर्गणी जमवण्याची हौस माझी.

अशा माणसांच्या युक्त्या आपण सर्वांनीच वाचलेल्या असतात आणि फसणाऱ्याला मनातल्या मनात मूर्खही ठरवलेले असते. मीही ठरवत असे. परंतु या गृहस्थाने कधीही घाई केली नाही, सवलतीचे आमिष दाखवले नाही. उलट चौलच्या रामेश्वराची पुष्करणी, रेवदंड्याचा सातखणी बुरूज, पंधराव्या शतकात चौलच्या बंदरात उतरलेला रशियन व्यापारी निकितिन यांविषयी तो अशा जिव्हाळ्याने बोलला की मी विरघळले. माझे माहेर चौलचे. ठाण्यात कोणी आपणहून आपल्या गावाचे नाव काढले की माणसाचे भान कसे सुटते, हे माहेर सुटलेल्या बायकांना सांगायला नको.

आणि इथेच माझा संताप स्वतःवर वळतो. त्याने पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेत तिसऱ्या ओळीत स्पष्ट लिहिले होते : ‘दुपारी 12.00, कुलाबा किल्ल्यात चालत प्रवेश.’ हा किल्ला अलिबागच्या समुद्रात आहे आणि ओहोटीलाच तिथे चालत जाता येते. त्या दिवशी माघी पौर्णिमा होती. आमच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेचे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या सुमारास अलिबागचा समुद्र उधाणाने भरलेला असणार आणि किल्ल्याकडे चालत जाणे अशक्य. हा हिशेब वडिलांनी मला वाडीत सुपाऱ्या वेचताना शिकवला होता. जो माणूस दर आठवड्याला तिथे सहल नेतो तो पौर्णिमेला असे लिहीलच कसा? मी ती ओळ वाचली, क्षणभर थबकले आणि भरती असली तर होडीने नेत असतील, अशी त्याच्या वतीने मीच सारवासारव केली. पैसे पाठवताना पडद्यावर सहलसंस्थेऐवजी कुठल्याशा किराणा दुकानाचे नाव आले, तेव्हाही तसेच. पडद्यावर नाव वेगळे आले तर पुढे जाऊ नका. समोरचा कितीही खुलासे करो.

साडेसहापर्यंत त्याचा फोन लागत होता, नंतर बंद झाला. मी सायबर फसवणुकीच्या 1930 या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली. तिचा क्रमांक तत्काळ मिळाला आणि त्यापलीकडे आजपर्यंत काहीही मिळालेले नाही. बँकेत सांगण्यात आले की पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्याच संमतीचा. पोलीस ठाण्यात अडीच तास बाकावर बसवल्यावर ‘खाते दुसऱ्या जिल्ह्यातले आहे, तिकडे जा’ असे उत्तर मिळाले. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले, तेव्हा सहल न निघणे ही दिवाणी बाब असल्याचा नवा शोध लागला. दिवाणी! बस नाही, चालक नाही, कार्यालयाच्या पत्त्यावर सलून, आणि तरी हा दोन पक्षांमधील वाद. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच देताना शिक्का सापडेना. म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्या आणि शिक्का उमटल्याशिवाय खुर्ची सोडू नका. बसचा नोंदणी क्रमांक आणि चालकाचा फोन आदल्या दिवशीच मागा. चालकाशी स्वतः बोला. आगाऊ रक्कम एकाच माणसाच्या खात्यातून कधीही पाठवू नका, कारण नंतर संशयाची नजरही त्या एकाच माणसावर येते. एका शेजारणीने मला जिन्यात विचारले, ‘तुम्हाला त्यात काही मिळणार होतं का हो?’ मी 64,000 रुपये विसरेन, पण तो जिना विसरणार नाही.

सर्वांचे पैसे मी मुदतठेव मोडून परत केले. मागच्या आठवड्यात त्याच क्रमांकावर नव्या नावाने वसई आणि अर्नाळ्याच्या सहलीची जाहिरात दिसली, छायाचित्र मात्र जंजिऱ्याचेच होते. मी ती हवालदारांना दाखवली. त्यांनी ती दोन बोटांनी मोठी करून पाहिली आणि वेगळा अर्ज द्यायला सांगितले.