जुनी दोन इंजिनांची बोट, दहा महिने आणि एक काळी तार

हा अनुभव मी फेब्रुवारीतच लिहायला घेतला होता. निम्मा लिहूनही झाला होता. बरं झालं कुठे टाकला नाही, कारण त्यातला एक सल्ला आता मलाच गिळावा लागतोय. तो पुढे येईल.

बोट बावीस फुटी फायबरची, मागे ४० एचपीची दोन टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनं, मेक २००४. गेल्या नोव्हेंबरात मालवणच्या बाजूने ट्रकवर घालून कोयना जलाशयाकाठी बामणोलीला आणली. निम्मे पैसे माझे, निम्मे मामेभावाचे. चालवतो तो, खर्चाची वही माझ्याकडे. इंजिनाच्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे झालं त्यात इंजिनाचा काडीचा दोष नाही. बॉडी उत्तम आहे, एक तडा नाही. सीटची रेक्झिन फाटकी होती, साताऱ्यात शिवून घेतली. पेट्रोल किती पिते ते विचारू नका, वहीतलं ते पान मी घरी दाखवत नाही.

दोन इंजिनं घेण्यामागे सरळ हिशेब होता. वासोटा किल्ल्याची गिऱ्हाइकं मेट इंदवलीला उतरवली की तिथे ना गॅरेज, ना फोनची रेंज, मागे अभयारण्याचं जंगल. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येऊ. एवढ्यासाठी एका इंजिनाच्या बोटीपेक्षा लाखभर जास्त मोजले.

जानेवारीतला रविवार. आठ पोरं वासोटा करून खाली आली, दुपारचे चार वाजून गेलेले. भावाने उजव्या इंजिनाला सेल मारला. टक्. पुन्हा मारला. टक्. आणि त्याच वेळी डाव्या इंजिनाचा आरपीएमचा काटा, डावं इंजिन बंद असताना, टुणकन तीन हजारावर जाऊन खाली आला. भाऊ म्हणाला, "भूत शिरलंय का काय ह्यात?" तिसऱ्यांदा त्याने चावी धरूनच ठेवली. पॅनेलमागून जळका वास आला, धूर आला, आणि आता डावीकडची चावीही मेली. म्हणजे लाखभर जास्त देऊन घेतलेलं दुसरं इंजिन पहिल्याच्या आजाराने गेलं.

हे टू-स्ट्रोक सीडीआयचे, म्हणजे ठिणगीची वीज इंजिन फिरतानाच तयार होते, तिला बॅटरी लागत नाही, म्हणून वाचलो. डाव्या इंजिनाचं झाकण काढून फ्लायव्हीलला दोरी गुंडाळली. नवव्या हिसक्याला ते सुरू झालं. भावाच्या तळहाताची साल निघाली. आठही पोरांनी व्हिडिओ काढला, दोरीला हात एकानेही लावला नाही.

आता खर्चाची वही. पहिली नोंद, नवी बॅटरी, ७,८०० रुपये. गरज नव्हती. ट्रॅक्टरचं वायरिंग करणाऱ्या आमच्याकडच्या माणसाने सांगितलं म्हणून घेतली. त्याचा दुसरा सल्ला, "अर्थ बॉडीला मारा."

"अहो, बॉडी फायबरची हाय."

"मग तार पाण्यात सोडा की, अर्थिंग मिळंल."

हसू नका, हा घोळ भल्याभल्यांचा होतो. घरात अर्थिंग जमिनीत जातं, ट्रॅक्टरमध्ये सगळी चासीच निगेटिव्ह असते, म्हणून बोटीतही 'अर्थ' म्हटलं की माणूस काहीतरी मोठं शोधायला लागतो. फायबरच्या बोटीत असं काही नसतं. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट स्टार्टर फिरवून इंजिनच्या ब्लॉकमध्ये येतो आणि तिथून त्याला बॅटरीच्या मायनसला परत जायचं असतं. त्यासाठी जी काळी जाड तार आहे तीच काय ती वाट. कोयनेच्या पाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दुसरी नोंद सर्व्हिस सेंटरची. नाव नको. फोटो पाठवले, बोट न बघता उत्तर आलं: दोन्ही इंजिनांचा हार्नेस, म्हणजे तारांचा अख्खा जुडगा, बदला, ३८ हजार, मजुरी आणि गाडीभाडं वेगळं. म्हटलं, येऊन बघा तरी. तर बघायचे अडीच हजार. कशामुळे जळलं ते सांगा म्हटल्यावर, "जुनी बोट आहे साहेब, होणारच." ह्या वाक्याने माझं डोकं जे फिरलं ते अजून जाग्यावर नाही. जुनी आहे हे मला ठाऊक आहे, मीच घेतलीय.

शेवटी साताऱ्यातले आमच्या गल्लीतले काका. नेव्हीत इलेक्ट्रिकलला नोकरी करून निवृत्त झालेले. फी काय, तर जाता-येता कासला थांबून चहा. मी मल्टिमीटर लावून त्यांना दाखवलं, "बघा, काळी तार बीप देतेय, म्हणजे चांगली आहे." ते म्हणाले, "अरे, तारेतल्या तांब्याच्या शंभर केसांतला एक केस जरी शाबूत असला ना, तरी बीप वाजते. ओझं टाकून बघ."

ही परीक्षा लिहून घ्या, फुकट आहे. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंट्यावर, क्लॅम्पवर नाही. दुसरं इंजिन ब्लॉकच्या एखाद्या उघड्या बोल्टवर. मग दुसऱ्याला सेल मारायला सांगायचं आणि आकडा बघायचा. उजवीकडे २.६ आला. म्हणजे बॅटरीचे अडीचहून जास्त व्होल्ट त्या चार मीटर तारेतच मरत होते.

काकांनी थिंबलवरची, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवरची, स्लीव्ह ब्लेडने चिरली. आत तांबं नव्हतंच. काळी-हिरवी भुकटी होती, ओल्या मिसरीसारखी, आणि तिच्यात पाच-सहा केस तेवढे लाल उरलेले. वीस वर्षांचं मालवणचं खारं पाणी केशिकेतून चढावं तसं तारेतून आत चढलं होतं. वरून रबर नव्यासारखं चकचकीत.

आता मुख्य गोष्ट. ह्याच्यासाठीच हे सगळं लिहितोय.

दोन इंजिनं, दोन बॅटऱ्या असल्या की दोन्ही बॅटऱ्यांचे मायनस एकमेकांना जोडायचे असतात, आणि ती जोडतार स्टार्टरच्या केबलइतकीच जाड हवी. आमच्या बोटीत तिथे काय होतं? घरात प्लगला वापरतात ती अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) हिरवी वायर. टोकाला थिंबल नाही, नुसता पीळ मारून क्लॅम्पखाली दाबलेली. पहिल्या मालकाने की दुसऱ्याने, देव जाणे.

उजवीकडची काळी तार सडली, पण स्टार्टरला शंभरावर अँपियर हवेतच. ते परतीची दुसरी वाट शोधणार. ती मिळाली गिअर-थ्रॉटलच्या कंट्रोल केबलमधून आणि पॅनेलमधल्या बारीक काळ्या तारांतून डाव्या इंजिनात, तिथून डाव्या बॅटरीच्या मायनसला आणि त्या हिरव्या वायरवरून परत उजवीकडे. डावा काटा उडत होता तो म्हणून, भूतबीत काही नाही. परतीच्या वाटेवर फ्यूज नसतो, त्यामुळे काही उडालं नाही, बारीक तारा वितळल्या. वितळताना शेजारच्या लाल तारेला चिकटल्या आणि मग डाव्या इंजिनाचा २० अँपियरचा फ्यूज गेला. काकांनी गिअरच्या केबलचं वरचं आवरण दाखवलं, एका जागी मऊ होऊन बसलं होतं.

म्हणून जुनी जोडइंजिनाची बोट घेताना कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नंतर बघा, आधी बॅटरीच्या पेटीत डोकं घाला. एका इंजिनाला सेल मारताना दुसऱ्याचा काटा हलला, तर किंमत तिथेच पाडायला घ्या.

दुरुस्ती तशी साधी. पॅनेलच्या जळक्या तारा तेवढ्या बदलल्या, अख्खा हार्नेस नाही. दोन्ही निगेटिव्ह आणि मधली जोडतार ३५ स्क्वेअरची टाकली. हिशेब असा की ३५ स्क्वेअर तांब्याचा रोध मीटरला साधारण अर्धा मिलिओहम, चार मीटरचा दोन, १२० अँपियरला पाव व्होल्टच्या आसपास जाणार. मोजला तर ०.२६. काकांनी तो आकडा बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर आतून मार्करने तारखेसकट लिहिला. तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाला कुणीतरी प्लसची तार काळी वापरली होती, तीही बदलली, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात आणला.

आणि आता तो गिळायचा सल्ला. काका म्हणत होते, कथिलाचा मुलामा दिलेली मरीन केबल घे, केस चांदीसारखे पांढरे असतात ती. भाव ऐकून मी वेल्डिंगची केबल आणली. मऊ असते, वाकते झकास, आणि निम्म्यात. फेब्रुवारीत मी लिहून ठेवलं होतं की गोड्या पाण्यात मुलाम्याचे चोचले कशाला, ते कोकणवाल्यांसाठी. बामणोलीत दोघातिघांना तोंडीही सांगितलं.

जूनमध्ये बोट वर काढली. पावसाळाभर प्लॅस्टिकखाली होती. धरण भरलं, ढग पाण्यावर टेकले, आणि आपल्याकडचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको, घरात कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते. सप्टेंबरात कासच्या फुलांच्या गर्दीत दोन तास अडकून काकांना घेऊन गेलो. तीच परीक्षा. ०.२६ चे ०.७ झालेले. स्लीव्ह कापली तर थिंबलपासून चार बोटं आत तांबं तपकिरी. मीठ नसलं तरी दमट हवा पुरते. त्यात आम्ही स्लीव्हही आतून गोंद नसलेली वापरली होती, दहा रुपये वाचवायला. काका काही बोलले नाहीत, झाकणावर जुन्याखाली नवा आकडा लिहिला.

मग मुलाम्याची केबल आणली, गोंदवाली स्लीव्ह आणली, थिंबल हातोडीने न ठोकता हायड्रोलिक पकडीने दाबून घेतले. पहिल्या वेळेसह सगळं मिळून साडेअकरा हजार. बॅटरी वेगळी, ती मूर्खपणाच्या खात्यात. ३८ हजाराच्या पुढे तरीही स्वस्त, पण सरळ घेतली असती तर आठात झालं असतं. ज्यांना मी वेल्डिंगची केबल सांगितली त्यांनी एकदा स्लीव्ह कापून बघा, आणि शिव्या द्यायच्या तर भावाला न देता मला द्या.

जाता जाता, इंजिनाखालचे झीज होणारे ठोकळे, जे इंजिनाच्या धातूऐवजी स्वतः गंजतात. कोकणातून आलेल्या बोटीला जस्ताचे होते. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, तिथे मॅग्नेशियम लागतं. आमचे जस्ताचे ठोकळे अख्ख्या सीझनमध्ये जराही झिजले नाहीत, भाऊ खूश होता, काय टिकाऊ माल आहे म्हणून. ते झिजले नाहीत म्हणजे त्यांच्याऐवजी दुसरं काहीतरी झिजत होतं. बदलले.

सध्या ०.२४. काटा जाग्यावर. भाऊ मात्र अजून दर सेलला आधी डाव्या काट्याकडे बघतो, आणि दोरी त्याने सीटखालून काढून हाताशी टांगलीय. मुलाम्याची ३५ स्क्वेअर काळी केबल दीड मीटर उरलीय. साताऱ्यात कुणाला लागली तर घेतल्या भावात देईन, एक रुपयाही कमी होणार नाही.