‘द झोन्स ऑफ रेग्युलेशन’: प्राथमिक शिक्षकांनी घ्यावे का?

राग, भीती, कंटाळा किंवा अतिउत्साह या अवस्था मुलांना स्वतःच्या स्वतः ओळखता याव्यात आणि सांभाळता याव्यात, यासाठी लिआ कायपर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने तयार केलेला हा अभ्यासक्रम २०११ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात १८ पाठ असून सोबत झेरॉक्स काढून वापरता येतील अशी कृतिपत्रिकांची पानेही आहेत. तिसरीच्या वर्गाला शिकवताना त्यातील बराचसा भाग मी वापरला आहे.

मांडणी चार रंगांची आहे. मरगळ, दुःख, आजारपण निळ्यात. शांत आणि शिकायला तयार असलेले मन हिरव्यात. काळजी, वैताग, चेकाळणे पिवळ्यात. आणि ताबा सुटण्याची अवस्था लाल रंगात. संतापाबरोबरच आनंदाने बेभान होणेही लालमध्येच धरले आहे, हे मला विशेष पटले, कारण सहलीच्या आदल्या दिवशी वर्ग आवरणे हे भांडण सोडवण्याइतकेच अवघड असते.

तरीही माझ्या मते या पुस्तकाचे खरे मोल रंगांमध्ये नसून अडचणीचा आकार एक ते पाच या पट्टीवर मोजायला शिकवणाऱ्या पाठात आहे. शेजाऱ्याने खोडरबर घेतला म्हणून पाचही बोटे दाखवत रडणाऱ्या एका मुलाला, ‘मग आजी दवाखान्यात होती तेव्हा किती?’ असे त्याच्याच बाकावरच्या मैत्रिणीने विचारले, तेव्हा त्याने थोडा विचार करून तीन बोटे मिटली. मी काही बोलण्याची गरजच उरली नाही. आडव्या आठच्या आकृतीवरून बोट फिरवत एका वळशाला श्वास घेणे आणि दुसऱ्या वळशाला सोडणे, ही कृतीही मुलांनी लगेच उचलली. तिला ना साहित्य लागते, ना जागा. शांत होण्याचे उपाय प्रत्येक मुलाने स्वतः पडताळून निवडावेत, हा आग्रहही योग्यच आहे.

अडचण येते ती पटसंख्येची. लहान गटांत पाठ घेताना प्रत्येक मुलाशी जे बोलणे होते, ते चाळीस मुलांच्या वर्गात एका तासिकेत शक्य नाही, त्यामुळे एक पाठ दोन-तीन तासिकांत विभागावा लागतो. उदाहरणे अमेरिकन शालेय जीवनातील असल्याने कृतिपत्रिका मराठीत नव्याने लिहाव्या लागतात, आणि हे काम वाटते तितके किरकोळ नाही.

याहून मोठा धोका मोठ्यांच्या वापरात आहे. कोणताही रंग वाईट नाही, असे पुस्तकात स्पष्ट म्हटलेले असूनही भिंतीवर नावांच्या चिमट्यांसह तक्ता लावला की ‘हिरव्यात ये बघू’ ही दटावणी सुरू होते आणि मुले शिक्षकांना आवडेल तोच रंग सांगू लागतात. म्हणून तक्ता लावावा, पण त्यावर नावे लावू नयेत. ज्याला सांगायचे असेल त्याने हळूच येऊन सांगावे. घाबरलेल्या मुलाला घाबरण्याचे खरेच कारण असेल, तर श्वासाच्या व्यायामाआधी ते कारण दूर करणे हे शिक्षकाचे काम आहे, ही बाब पुस्तकाने अधिक ठळकपणे मांडायला हवी होती.

इंग्रजी सहज वाचणाऱ्या शिक्षकांनी आणि समुपदेशकांनी ते जरूर घ्यावे. प्रत्येक शिक्षकाने वेगळी प्रत घेण्याचे कारण नाही; शाळेच्या ग्रंथालयात एक प्रत ठेवून मराठी कृतिपत्रिका सर्वांनी वाटून तयार केल्यास खर्च आणि श्रम दोन्ही आटोक्यात राहतात.