रायझन चिपचा लॅपटॉप : नागपूरच्या उन्हाळ्यातील अनुभव
सीताबर्डीच्या ज्या दुकानातून मी हा लॅपटॉप घेतला, तेथील बहुतेक यंत्रांवर इंटेलचे निळे स्टिकर होते. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिच्या रायझन चिपची (म्हणजे संगणकाचे मुख्य काम करणाऱ्या प्रोसेसरची) दोनच यंत्रे होती, तीही सर्वांत खालच्या फळीवर. चिप उत्तम असून भागत नाही, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांनी ती स्वीकारावी लागते. इंटेलने १९९१ पासून ‘इंटेल इनसाइड’ मोहिमेद्वारे या कंपन्यांच्या जाहिरातखर्चाचा वाटा उचलून त्यांना जोडून ठेवले, तर एएमडी २०१७ मध्ये रायझन आल्यावर पुन्हा स्पर्धेत उतरली आणि २०२० च्या ४००० मालिकेपासून तैवानच्या टीएसएमसीने ७ नॅनोमीटर या अतिसूक्ष्म निर्मितितंत्राने घडवलेल्या चिपमुळे लॅपटॉपमध्येही तिची बाजू भक्कम झाली.

मे महिन्यात, बाहेर पारा ४५ अंशांजवळ असताना, कूलरच्या खोलीत मी यावर दिवसभर हिशेबाच्या मोठ्या फाइली आणि व्हिडिओ कॉल चालवले; पंख्याचा आवाज वाढला, काम मात्र अडले नाही.

तक्रार चिपविषयी नाही, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीविषयी आहे. चिपमध्येच असलेल्या (अंगभूत) ग्राफिक्सला पूर्ण वेगासाठी रॅमच्या, म्हणजे कामचलाऊ स्मृतीच्या, दोन्ही वाहिन्या (माहिती ने-आण करणारे मार्ग) लागतात, तरीही कंपनीने ८ जीबीची एकच पट्टी बसवून एकच वाहिनी वापरात ठेवली होती. दुसरी पट्टी घातल्यावर व्हिडिओ संपादनातील अडखळणे थांबले. हा खर्च विकत घेतानाच गृहीत धरावा, आणि रॅमची दुसरी खाच मोकळी आहे का, हे दुकानदाराला आधी विचारून घ्यावे.